आउनेचा भूर्ज

मी शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काम केलंय. "सूपमध्ये कांदा नाही, खा गुपचूप," असं धडधडीत खोटं मी पोरांना किती वेळा सांगितलं असेल, त्याची गणती नाही. त्या खोट्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. ओइवांशी मी जे खोटं बोलले ते वेगळं होतं, आणि तेच आज सांगायचंय.

ओइवा तुर्तियाइनेन आमचे शेजारी. त्यांचं घर पिवळं, आमचं लाल, मधे कुंपण नाही, नुसती झुडपांची एक ओळ. त्या ओळीपासून दोन पावलं आत, त्यांच्या बाजूला, एक भूर्ज उभा होता. तो त्यांच्या बायकोनं, आउनेनं लावलेला.

आउने मूळची सीमेपलीकडची. युद्धात तिचं गाव रशियाकडे गेलं, तेव्हा ती सात वर्षांची होती. एक गाय आणि एक शिवणयंत्र घेऊन ते सगळे इकडे आले, ते कायमचेच. पुढे पन्नासेक वर्षांनी सीमा उघडली, तशा जुन्या गावकऱ्यांच्या बसगाड्या तिकडे जायला लागल्या. आउने पहिल्याच बसनं गेली. घर नव्हतंच. तीन दगडी पायऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि पायऱ्यांच्या शेजारी अंगणातला भूर्ज. बाकीच्या बायका रडल्या. आउने गुडघ्यांवर बसली, कॉफीच्या चमच्यानं बोटाएवढं एक रोप उकरून काढलं, दह्याच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि डबी मांडीवर धरून परत आली. तपासणी नाक्यावर तिनं डबीवर टोपी ठेवली होती म्हणे.

तेव्हा आमचं नवीन लग्न झालेलं. ती दोघं त्या रोपापायी काय काय करायची ते मी खिडकीतून बघत असे. पहिली पाच वर्षं उन्हाळ्यात दर संध्याकाळी दोन बादल्या पाणी. थंडी यायच्या आधी खोडाभोवती बारीक तारेची जाळी, कारण बर्फाखालून उंदीर येऊन साल कुरतडतात आणि बर्फावरून ससे. फांदी छाटायची तर ऑगस्टमध्ये. वसंतात छाटली तर भूर्जाच्या जखमेतून दिवसेंदिवस पाणी गळत राहतं. एकदा इल्पो, माझा नवरा, मे महिन्यात आमच्या बाजूची एक डहाळी मोडायला गेला, तर आउनेनं घरातून हाक मारली, "इल्पो, तुझं नाक कापू का मी? बघू किती दिवस वाहतंय."

वीस वर्षांत झाड घराच्या वर गेलं. पांढरं खोड, खाली लोंबणाऱ्या डहाळ्या. सप्टेंबरात त्याची पानं आमच्या पन्हळीत अडकायची, जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या बारीक बिया आमच्या कॉफीत पडायच्या. इल्पो चेष्टा करायचा, "आउने, तुझं झाड राहतं तुझ्याकडे आणि जेवतं आमच्याकडे." ती म्हणायची, "मग वाढा ना त्याला नीट."

आउने गेली ती एका मार्चमध्ये. त्यानंतर ओइवांनी झाडाखाली एक खुर्ची नेऊन ठेवली. रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन तिथे बसायचे आणि बोलायचे. झाडाशी नाही, आउनेशी. मोठ्यानं नाही, पण ओठ हललेले दिसायचे.

मला एक काचघर हवं होतं. टोमॅटो, काकड्या, जमलं तर एखादा द्राक्षाचा वेल. आमच्या आवारात ऊन येईल अशी सपाट जागा एकच, त्या भूर्जाच्या समोरची. मी ओइवांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "हे बघ पोरी, भूर्जाची मुळं खोल जात नाहीत. हाताच्या शिरांसारखी वरवरच पसरतात. तुझ्या जागेत बरीच आलीत. जमीन तुझी आहे, मी नाही कसं म्हणणार? पण मुळं तिची आहेत."

मी घरी आले. पण मनात धुसफूस राहिलीच. मेलेल्या माणसाच्या झाडानं माझं ऊन अडवावं आणि वर मीच समजून घ्यावं, असं काहीतरी तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ओइवा अंगणातल्या बर्फावर घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशी. शस्त्रक्रिया, मग पुन्हा चालायला शिकवतात तिथे दोन महिने. रुग्णवाहिका यायच्या आधी त्यांनी मला घराची किल्ली दिली आणि म्हणाले, "घराचं काही नाही. उन्हाळा कोरडा गेला तर तेवढं भूर्जाला पाणी घाल. बुंध्यात नको. डहाळ्या जिथवर पोचतात तिथे, गोल फिरवून."

"घालते," मी म्हटलं. "तुम्ही पायाकडे बघा."

ते पडले तेव्हा झाडाला नळी लावलेली होती. पानं फुटायच्या आधी भूर्जाच्या खोडाला छोटं भोक पाडून आम्ही त्याचं पाणी काढतो. किंचित गोडसर असतं. ओइवा पडले आणि नळी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ध्यानात आलं. मी जाऊन नळी काढली आणि लाकडाची खुंटी ठोकून भोक बंद केलं. हे मी नीट केलं होतं. म्हणून मुद्दाम सांगते.

आणि तीन आठवड्यांनी मी इल्पोला म्हटलं, "आता काचघराचा पाया खणू या."

इल्पोनं विचारलं, "ओइवांना विचारलंस?"

"विचारलंय."

"काय म्हणाले?"

"जमीन तुझी आहे म्हणाले."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

इल्पोनं मित्राकडून छोटं खोदयंत्र आणलं. दोन हात खोल चर खणायला घेतला आणि थोड्याच वेळात यंत्र थांबवून खाली उतरला. "हे बघ," तो म्हणाला. चरात आडवी पाच मुळं होती. एक तर त्याच्या मांडीएवढं.

"तोड," मी म्हटलं.

"मार्युत, हे जाड आहे गं."

"झाडाला चारही बाजूंनी मुळं असतात. एका बाजूची गेली तर काय होतंय?"

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि कुऱ्हाड आणायला गेला. तोडलेल्या मुळांचं लाकूड आत गुलाबीसर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चरात पाणी साचलेलं दिसलं. पाऊस पडला नव्हता. मी वाळूची पहिली पाटी त्यावर ओतली. इल्पो उठायच्या आत.

काचघर जूनमध्ये उभं राहिलं. त्या वर्षी जून कोरडा गेला, जुलैही. मी भूर्जाला पाणी घालायला सुरुवात केली होती, पण आमच्या बाजूनं घातलेलं पाणी पायाखालच्या वाळूत जायचं. इल्पो म्हणाला, "पाया खचेल." मग मी पाणी घालायचं थांबवलं. त्यांच्या बाजूनं तरी घालायला हवं होतं. तेही घातलं नाही. का, ते आजही सांगता येत नाही. बहुधा त्या बाजूला गेलं की वर बघावं लागलं असतं.

ओइवा जुलैच्या अखेरीस दोन कुबड्यांवर घरी आले. त्यांचा मुलगा किम्मो ओउलू शहरातून आला होता, दोन दिवस राहून गेला. तिसऱ्या दिवशी ओइवा झाडाखाली उभे होते. मी वेलदोडे घातलेला पाव घेऊन गेले. आमच्या बाजूचा अर्धा शेंडा पिवळा पडला होता, जुलैमध्येच.

"काचघर छान झालंय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पाया कसा केलात?"

"वरच्यावर. नुसती वाळू टाकून त्यावर ठेवलंय. मुळांना हातसुद्धा लावला नाही."

त्यांनी मान हलवली. अगदी लगेच विश्वास ठेवला. मग कुबडीनं खोडावरची खुंटी दाखवली. "ही कुणी ठोकली?"

"मी."

"कधी?"

त्यांनी कधी असं विचारलं, तेव्हा मला एकदम कळलं की ते काय विचार करतायत. मी सांगू शकले असते की दुसऱ्याच दिवशी. पण मी म्हणाले, "दहाएक दिवसांनी असेल. आधी लक्षातच आलं नाही."

"दहा दिवस," ते म्हणाले. "म्हणजे दहा दिवस ते वाहत होतं." खुर्चीवर हळूहळू बसले. "यंदा मी दोन भोकं पाडली होती, मार्युत. एक तिकडच्या अंगाला आहे. आउने कधी एकापेक्षा जास्त पाडू द्यायची नाही. माझी हाव."

दुसरं भोक त्यांनी स्वतःच बंद केलं होतं, खुंटी स्पष्ट दिसत होती. मी म्हटलं, "तेवढ्यानं काही होत नाही."

"होतंय की. बघ ना वर."

मी पाव त्यांच्या हातात दिला आणि घरी आले. ऑगस्टमध्ये पहिले टोमॅटो पिकले. मी एक वाडगाभर त्यांना नेऊन दिले. ते म्हणाले, "असे गोड टोमॅटो दुकानात मिळत नाहीत." त्यानंतर मी स्वतः ते टोमॅटो खाऊ शकले नाही, शाळेत नेऊन वाटले.

पुढच्या वसंतात भूर्जाला अर्धीच पानं फुटली. ओइवांनी एक कुबडी टाकून दिली होती, एका हातात बादली धरता यावी म्हणून. रोज संध्याकाळी एका हातात कुबडी, दुसऱ्यात अर्धी बादली, असे ते डहाळ्यांच्या खालून गोल फिरायचे. मला बघवेना. मी जाऊन त्यांच्या हातातली बादली घेतली. मग तो संपूर्ण उन्हाळा मीच पाणी घातलं, आदल्या वर्षीचं धरून दुप्पट. जंगलातून कुजलेल्या पानांची माती आणून पसरली. ते खुर्चीवर बसून म्हणायचे, "तुझ्यासारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं." मी मान खाली घालून पाणी घालत राहायचे.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की खुर्चीवर बसलेल्या त्यांचे ओठ आता हलत नाहीत.

इल्पोला मी एकदा म्हटलं, "आपण त्यांना सांगायला हवं."

"काय सांगणार? झाड आहे, माणूस नाही. म्हातारपणी एकाच भांडणाची कमी आहे का त्यांना? आणि त्यांनीच तर जमीन आपली म्हणून सांगितलं होतं ना?"

मी बादली घेऊन बाहेर गेले.

तिसऱ्या वसंतात एका फांदीला मूठभर पानं आली आणि जूनअखेरच्या युहान्नुसच्या सणाआधी तीही गळली. सप्टेंबरमध्ये माणसं बोलावून झाड उतरवलं. ओइवा त्या दिवशी खिडकीचे पडदे ओढून आत बसले होते.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस येतो. सगळं गाव दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतं. आउने गेल्यापासून ओइवांना गाडीतून मीच न्यायचे. आदल्या वर्षी ते सर्दीचं निमित्त सांगून आले नव्हते. या वर्षी मी दुपारी दार वाजवलं, तर त्यांनी दारातच मेणबत्ती माझ्या हातात दिली.

"तूच लाव माझ्या वतीनं."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालंय?" ते म्हणाले. "कुठल्या तोंडानं जाऊ? तिनं मांडीवर धरून आणलेलं झाड मी हावेपायी मारलं. तिला सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. घरातसुद्धा तिचा फोटो आला की मी दुसरीकडे बघतो."

मी मेणबत्ती घेतली. दफनभूमीत चार वाजताच अंधार पडला होता आणि सगळीकडे ज्योती होत्या. आउनेच्या दगडावरचा बर्फ हातानं पुसला. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसऱ्या काडीला मेणबत्ती लागली. आउने तुर्तियाइनेन. खाली तिच्या त्या गावाचं नाव. शेजारी ओइवांसाठी राखलेली कोरी जागा. मी गाडीत येऊन बसले आणि गाडी सुरू करायला मला बराच वेळ लागला.

परत येऊन मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. कोट काढला नाही. ओइवा काळ्या पावाला लोणी लावत होते.

"लागली का?" त्यांनी विचारलं.

"लागली. ओइवा, झाड तुम्ही मारलं नाही. मी मारलं."

त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

मी सगळं सांगितलं. चर दोन हात खोल होता. पाच मुळं तोडली. पाणी घातलं नाही. आणि खुंटी दुसऱ्याच दिवशी ठोकली होती, दहा दिवसांनी नाही.

"दुसऱ्याच दिवशी," ते म्हणाले.

"हो. सकाळी."

"म्हणजे काही वाहिलं नाही."

"एका रात्रीपुरतं."

ते पावाला लोणी लावत राहिले. मला वाटलं होतं ओरडतील. मी त्याची तयारी करून आले होते. पण त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"झाडाचं मला दुःख आहे. पण झाडं मरतात, मार्युत. तुला काचघर हवं होतं, तू मुळं तोडलीस, माणसं करतात असं. ते मी एखादे वेळी विसरलोही असतो. पण अडीच वर्षं मी माझ्या बायकोशी बोललो नाही. आणि तू इथे बसून माझ्या हातची कॉफी पीत होतीस."

त्यांनी सुरी ताटलीच्या कडेला पुसली.

"किल्ली टेबलावर ठेव," ते म्हणाले. "आणि दार नीट ओढून घे, वारा आत येतो."

तो हिवाळा फार लांबला. दरवर्षी त्यांच्या अंगणातला बर्फ इल्पो काढायचा. या वर्षी तो फावडं घेऊन गेला, तर ओइवा एका हातात कुबडी आणि दुसऱ्या हातात फावडं धरून स्वतःच उभे होते. "राहू दे, इल्पो. जमतंय मला." इल्पो परत आला तो लालबुंद होऊन.

"सांगायची काय गरज होती? उगवलं का झाड परत? ऐंशीच्या पुढचा माणूस बर्फ काढतोय, पडला म्हणजे?"

"अडीच वर्षं ते स्वतःला दोष देत होते, इल्पो."

"आणि मला काय सांगितलं होतंस तू? जमीन तुझी आहे म्हणाले. पुढचं वाक्य कुठे गेलं?" तो बूट काढता काढता थांबला. "कुऱ्हाड माझ्या हातात होती, मार्युत. मलासुद्धा तू अर्धंच सांगितलंस."

त्या रविवारी तो स्वतः जाऊन ओइवांशी बोलून आला. काय बोलला ते मला सांगितलं नाही. पण त्यानंतर बर्फ पुन्हा तोच काढायला लागला.

जूनमध्ये त्या जुन्या गावकऱ्यांच्या मंडळाची बस सीमेपलीकडे जाणार असल्याची चिठ्ठी मी वाचनालयात बघितली. आउनेच्या गावावरून जाणार होती. मी नाव नोंदवलं, व्हिसा काढला. बसमध्ये सगळे म्हातारे, नाहीतर त्यांची मुलं. एकीनं विचारलं, "तुमचं कोण तिकडचं?" मी म्हटलं, "शेजारीण."

पायऱ्या मला सापडल्या, तीनच्या तीन. शेजारी कुणीतरी उन्हाळ्यापुरतं राहायचं हिरवं घर बांधलेलं होतं आणि एक रशियन बाई बटाट्यांतलं गवत उपटत होती. तिला माझी भाषा येईना, मला तिची. मी हातांनी मोठं झाड दाखवलं आणि खोडाच्या जागी माझ्या पांढऱ्या शर्टवर बोट ठेवलं. तिला कळलं. तिनं दोन्ही हात उभे धरले आणि हळूहळू आडवे केले, तोंडानं वाऱ्यासारखा आवाज काढला. मग चुलीकडे बोट दाखवलं. वादळात पडला होता, जाळून संपला होता. बुंधाही राहिला नव्हता.

आजूबाजूला भूर्जाची रोपं मात्र शंभर असतील. गवतात, कुंपणात, बटाट्यांच्या ओळीत. त्यातलं कुठलं त्या झाडाचं, कोण सांगणार? भूर्जाची बी धुळीसारखी असते, दहा मैलांवरून उडून येते. मी पायऱ्यांच्या अगदी जवळचं एक घेतलं, गुडघ्याला येईल एवढं. त्या बाईनं मातीचा मोठा गोळा काढून दिला आणि स्वतःच्या डोक्याचा रुमाल काढून त्याला बांधला. मी नको नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी मनात वाक्य जुळवत होते. ओइवा, हे त्याच झाडाचं आहे. त्याच झाडाच्या मुळाशी उगवलेलं. किती सोपं होतं. ऐकणाऱ्याला सुखच झालं असतं. इल्पो मला थांब्यावर न्यायला आला, त्यानंही तेच म्हटलं, "सांग की त्याच झाडाचं म्हणून. कोण तपासणार आहे?"

मी रोप घेऊन ओइवांच्या दारात उभी राहिले. सात महिन्यांत पहिल्यांदाच. त्यांनी दार उघडलं, आधी रोपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठून आणलंस?"

"आउनेच्या अंगणातून. पण तिथलं झाड आता नाही. वादळात पडलं. हे पायऱ्यांजवळ उगवलेलं आहे. त्याचं पिल्लू आहे की दुसऱ्या कुणाचं, मला माहीत नाही."

ते बाहेर पायरीवर येऊन बसले. रोपाची कोवळी डहाळी दोन बोटांत धरून त्यांनी हळूहळू चोळली, डोळे मिटून. मग दुसरी.

"मऊ आहे," ते म्हणाले. "लव आहे हिला. आउनेच्या झाडाची डहाळी खरखरीत होती, वाळूच्या कागदासारखी. ही भूर्जाची दुसरी जात. दलदलीच्या कडेला होते ती."

बसमध्ये जुळवलेलं वाक्य मी बोलले असते, तर त्यांनी असेच डोळे मिटून ते तपासलं असतं.

"मग टाकून देऊ?" मी विचारलं.

"टाकतेस कशाला? त्यानं काय केलंय?" कुबडी टेकून ते उठले. "माझ्याकडे नको. माझे किती दिवस राहिलेत? तुझ्या आवारात लाव. काचघरापासून लांब, त्या उताराला, तिथे ओल राहते. फार खोल पुरू नकोस, आहे तेवढीच माती. आणि खालचं गवत काढ, नाहीतर सगळं पाणी गवतच पितं."

मी लावलं. ते कडेला उभे राहून बघत होते. खड्डा जास्त खोल झाला तेव्हा फक्त "वर घे" म्हणाले.

त्यानंतर ते दर रविवारी यायचे. झाडाकडे यायचे, माझ्याकडे नाही. जाळी ढिली आहे का ते बघायचे, एखादं पान उलटून कीड शोधायचे, मला सांगायचे की एवढं पाणी पुरे. मी प्रत्येक वेळी विचारलं, "कॉफी ठेवू?" आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले, "झालीय." एकदाही आत आले नाहीत. पण मृतांच्या दिवशी त्यांनी इल्पोला गाडी काढायला सांगितली आणि आउनेच्या दगडासमोर ते इतका वेळ उभे राहिले की इल्पोचे पाय गारठले. घरी येऊन मला म्हणाला, "बोलत होते गं. सारखे बोलत होते." मी सिंकपाशी गेले आणि स्वच्छ धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

ओइवा तिसऱ्या हिवाळ्यात गेले, झोपेत. किम्मो सामान आवरायला आला. एका दुपारी तो आमच्या उतारावर येऊन त्या रोपाशेजारी उभा राहिला. आता ते त्याच्या खांद्याला लागत होतं.

"हेच का ते? बाबा फोनवर सारखं याच्याबद्दल बोलायचे."

"हेच."

"बरं झालं तुम्ही त्यांना हे आणून दिलंत," तो म्हणाला. "आईच्या झाडाचं त्यांच्या मनाला फार लागलं होतं. जास्त पाणी काढलं म्हणून मेलं ना ते? मी किती वेळा म्हटलं, बाबा, सोडा आता ते. तर म्हणायचे, हो, सोडलंय."

त्याला खरंच माहीत नव्हतं. ओइवांनी तीन वर्षांत मुलाला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. माझ्यावर दया म्हणून, की माझं नावसुद्धा तोंडात नको म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. आणि त्या क्षणी मला मान हलवण्यापलीकडे काहीही करावं लागणार नव्हतं.

"आत ये, किम्मो," मी म्हटलं. "बस जरा. तसं झालं नव्हतं."

त्यानं सगळं ऐकून घेतलं, कॉफी संपवली आणि पेला स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवला. "बाबांनी बोलायला हवं होतं मला," एवढंच म्हणाला. वसंतात त्यानं घर विकलं. जाताना इल्पोशी हात मिळवला, माझ्याशी नाही.

नवीन लोकांना दोन लहान मुली आहेत. उतारावरचं रोप आता मोठं होऊन झुडपांच्या ओळीपर्यंत पसरलंय. परवा त्यांची आई विचारत होती, या झाडाच्या फांद्या आमच्या बाजूला येतायत, थोड्या छाटल्या तर चालेल का? मी तिला सांगितलं, चालेल, पण ऑगस्टपर्यंत थांब.